रात्री लागलेलं ते स्टेशन कुठलं? ओळखायला किती खर्च येतो

रात्री नऊ-दहानंतर मिडियम वेव्हवर काटा फिरवत बसलं की मधेच कुठलंतरी अनोळखी केंद्र लागतं. भाषा कळते-न कळतेशी असते. आवाज भरतो, ओसरतो, पुन्हा वर येतो आणि सकाळी त्याच जागी नुसती खरखर उरते. हे केंद्र कुठलं, ते शोधायला महागडा रेडिओ हवा, असं बहुतेकांना वाटतं आणि तिथेच पैसे वाया जातात. मी गेली अनेक वर्षं हा नाद करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, पहिली दहा-बारा केंद्रं ओळखेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. नंतर करायचा झाला तर आधी घरातली खरखर घालवण्यावर करा. रेडिओचा नंबर सगळ्यात शेवटी.

दूरचं केंद्र रात्रीच का लागतं, तेही समजून घ्यावं, कारण कधी ऐकायला बसायचं ते त्यावर ठरतं. दिवसा उन्हामुळे वातावरणाच्या वरच्या भागात, साधारण साठ ते नव्वद किलोमीटरवर, एक थर तयार होतो आणि तो मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग त्या लहरी आणखी वरच्या थरांपर्यंत पोचतात, तिथून परततात आणि हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरतात. म्हणून संध्याकाळी आधी पूर्वेकडची केंद्रं लागतात, कारण तिकडे अंधार आधी पडलेला असतो. आखाती देशांची केंद्रं तासा-दीड तासाने वर येतात. पहाटे उलटा क्रम असतो. पूर्वेकडची आधी विरतात आणि पश्चिमेकडची उजाडेपर्यंत रेंगाळतात. ऐकायला सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वळवाचे ढग जमू लागले की विजांचे तडाखे सुरू होतात आणि मग कितीही महागाचा रेडिओ असला तरी कान विटतात.

आधी फुकटातलं

पहिलं हत्यार म्हणजे मनगटावरचं घड्याळ. केंद्रं स्वतःचं नाव बहुधा तासाच्या ठोक्याला सांगतात. आपल्या सुदैवाने भारताचं घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि त्या अर्ध्या तासाचा फार मोठा उपयोग होतो. पाकिस्तान, बांगलादेश, ओमान, अमिराती, सौदी अरेबिया, थायलंड, चीन या सगळ्यांचा तास आपल्या साडेच्या ठोक्याला भरतो. त्यांचे नऊ, दहा, अकरा काहीही वाजोत, आपल्याकडे तेव्हा काटा सहावर असतो. श्रीलंकेची वेळ आपलीच. इराण, अफगाणिस्तान आणि म्यानमार यांची घड्याळंही अर्ध्या तासाच्या हिशेबातली आहेत, म्हणून त्यांचा तास आपल्या पूर्ण तासाला पडतो. आपले दहा म्हणजे इराणचे आठ, अफगाणिस्तानचे नऊ, म्यानमारचे अकरा. नेपाळ एकटा निराळा. आपल्या पावणेदहाला त्यांचे दहा वाजतात.

म्हणजे अनोळखी भाषेतलं गाणं बरोबर साडेनऊला थांबलं, टोले पडले आणि कुणी गंभीर आवाजात बोलू लागलं, तर इराण, अफगाणिस्तान, म्यानमार आणि श्रीलंका एका फटक्यात मागे पडतात. एक सावधगिरी मात्र हवी. आकाशवाणीच्या बातम्या साडेला आणि पाऊणलाही असतात, त्यामुळे ही चाळणी परकी भाषा असेल तेव्हाच पक्की धरावी.

दुसरी फुकटची युक्ती बेरजेची. आशिया, युरोप आणि आफ्रिकेत मध्यम लहरींवरची केंद्रं ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या पट्ट्यात, दर नऊ किलोहर्ट्झवर मांडलेली आहेत. ही वाटणी १९७८ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्यामुळे खऱ्या केंद्राच्या आकड्याला नवाने भाग जातो, म्हणजेच अंकांची बेरीज नऊ, अठरा किंवा क्वचित सत्तावीस येते. मुंबईच्या अस्मिता वाहिनीचा ५५८ घ्या, पाच-पाच-आठ म्हणजे अठरा. पुण्याचा ७९२, तेही अठरा. पणजीचा १२८७, अठराच. तुमच्या रेडिओने ६५६ दाखवला तर बेरीज सतरा येते, आणि तिथे शंका घ्यावी. असल्या जागी बहुतेक वेळा रेडिओच्या आतल्या मांडणीमुळे पडलेली दुसऱ्या केंद्राची सावली असते. साध्या रेडिओत ही सावली खऱ्या जागेपासून ९१० किलोहर्ट्झ खाली पडते. म्हणून ६५६ मध्ये ९१० मिळवून पाहा. १५६६ येतात, आणि ते नागपूर. याच १५६६ वर आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा १८ मे १९८८ ला सुरू झाली होती आणि तिथला प्रक्षेपक एक हजार किलोवॅटचा होता. एवढ्या ताकदीच्या केंद्राची सावली जवळपासच्या साध्या रेडिओत पडणारच.

दुप्पट आकड्यालाही असाच चकवा बसतो. मुंबईत ११०० च्या पुढे काहीतरी घुमट लागलं तर ५५८ ची दुप्पट करून बघा. १११६ येतात. पुणेकरांना १५८४ वर स्वतःचंच केंद्र ऐकू येऊ शकतं. अशा वेळी दोन्ही जागी आळीपाळीने काटा नेऊन तोच कार्यक्रम चालू आहे का, ते तपासायचं. पाच मिनिटांत निकाल लागतो आणि रात्रीची झोप वाचते.

काट्याचा जुना ट्रान्झिस्टर असेल तर त्याच्या तबकडीवरचे आकडे ढोबळ असतात. काचेवर कागदाची पट्टी चिकटवा आणि दिवसा हमखास लागणारी जवळची केंद्रं तिच्यावर पेन्सिलीने मांडा. मुंबई ५५८ आणि १०४४, पुणे ७९२, नागपूर ५८५, रत्नागिरी ११४३, पणजी १२८७. तुमच्या गावी यांतली दोन-तीन मिळाली तरी मधलं अंतर मोजून अनोळखी केंद्राचा आकडा बऱ्यापैकी काढता येतो. गेल्या काही वर्षांत प्रसारभारतीने जुने मध्यम लहरींचे प्रक्षेपक एकेक करत बंद करत आणले आहेत. म्हणून पट्टी स्वतःच्या कानाने करावी, कुणाची उतरवून घेऊ नये.

तिसरी युक्ती दिशेची. मिडियम वेव्हला वर ओढायचा चकचकीत अँटेना काही कामाचा नसतो. तो एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी. मध्यम लहरी पकडणारी फेराइटची काळी कांडी रेडिओच्या आत आडवी बसवलेली असते. रेडिओ पाटावर ठेवून हळूहळू फिरवा. कांडीचं टोक केंद्राकडे रोखलं गेलं की आवाज पडतो. रात्री तो पूर्ण मरत नाही, पण खाली गेलेला स्पष्ट कळतो. ती रेघ नकाशावर ओढा, केंद्र त्या रेघेवर कुठेतरी आहे. कुठल्या बाजूला, ते रेडिओ सांगत नाही. ते भाषा आणि घड्याळ सांगतं.

आचऱ्याची रात्र

या सगळ्याचा मेळ कसा बसतो, ते एका रात्रीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी मालवण तालुक्यात आचऱ्याला आजोळी होतो. ओटीवर रेडिओ घेऊन बसलो होतो, पण मधल्या खोलीतल्या दिव्यांमुळे सगळीकडे एकच घरघर. सव्वाआठला वीज गेली. मामी कंदील लावायला उठली, आणि इकडे बँड असा उघडला की एखाद्याने कानातला बोळा काढावा. मघापर्यंत जिथे काहीच नव्हतं, तिथे ६९३ वर एक बाई गात होती. साथीला पेटी होती.

अंकांची बेरीज अठरा, म्हणजे सावली नव्हे. आकाशवाणीचं कुठलं केंद्र ६९३ वर माझ्या माहितीत नव्हतं. ओटीवर पाट ठेवून रेडिओ फिरवला. टोक पूर्वेच्या जरा उत्तरेला गेलं की गाणं बुडायचं. शब्द बंगाली वाटत होते, पण मला बंगाली येत नाही, आणि कोलकाताही त्याच दिशेला. मग घड्याळ धरून बसलो. आठ एकोणतीसला गाणं उतरलं. साडेआठला निवेदिकेचा आवाज आला आणि वाक्याच्या सुरुवातीलाच दोन शब्द स्वच्छ ऐकू आले, ‘बांग्लादेश बेतार’. ढाक्याला तेव्हा नऊ वाजले होते. मधे सुमारे दोन हजार किलोमीटर. ढाक्याचा हा प्रक्षेपक एक हजार किलोवॅटचा. पावणेनऊला वीज आली आणि ढाका पुन्हा घरघरीत बुडालं. हातातला रेडिओ होता मामाचा, रबर लावून मागचं झाकण बसवलेला.

नुसत्या भाषेवर मात्र कधीच जाऊ नका, हे मी मुद्दाम सांगतो. हिंदी ऐकू आली म्हणजे केंद्र भारतात, असं नसतं. ८८२ वर हिंदी-तमिळमध्ये ख्रिस्ती प्रवचनं देणारं जे केंद्र दक्षिण भारतात रात्री दणदणीत लागत आलं आहे, ते श्रीलंकेतल्या पुत्तलमचं. उलट १०७१ वरची उर्दू ऐकून लोक हमखास कराची म्हणायचे, पण ती आकाशवाणीची उर्दू सेवा होती आणि प्रक्षेपक राजकोटला.

आणि एकाच जागी दोन कार्यक्रम मिसळलेले ऐकू आले तर लगेच रेडिओला दोष देऊ नये. १९३३ साली हॉलंडमध्ये टेलेगेन या शास्त्रज्ञाला स्वित्झर्लंडचं बेरोम्युन्स्टर केंद्र ऐकताना त्याच्या मागे लक्झेंबर्गचा कार्यक्रम ऐकू आला. दोन्हींच्या जागा अगदी वेगळ्या होत्या. लक्झेंबर्गच्या प्रचंड ताकदीच्या लहरींनी वरच्या थरावरच आपला ठसा उमटवला होता. या प्रकाराला आजही लक्झेंबर्गचंच नाव आहे.

एखाद्या जागी ना भाषा, ना गाणं, नुसता धबधब्यासारखा एकसुरी घोष लागला, तर ते बहुधा आकाशवाणीचं डिजिटल प्रक्षेपण असतं. साध्या रेडिओवर ते कधीच उलगडणार नाही. त्याला डीआरएम या डिजिटल पद्धतीचा वेगळा रेडिओ लागतो, आणि तो महाग असतो. काही नव्या मोटारींत मात्र तो बसवलेलाच येतो. गाडी असेल तर आधी तिथे पाहा.

आता पैशांकडे

खाली दिलेले आकडे बाजारातले अंदाज आहेत. शहर, दुकान आणि डॉलरचा भाव यांप्रमाणे ते हलतील.

पहिला खर्च शांततेचा. रेडिओ सेलवर चालवा, सहाशेच्या आसपास रिकामी जागा लावा आणि घरातला मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर चोर घरातच आहे. मग एकेक बटण चालू करत जा. माझ्या घरी तो देवघरातला छोटा एलईडी दिवा निघाला. तो बदलायला दीडशे रुपये लागले आणि त्याआधी नवा रेडिओ घ्यायचा माझा विचार तिथेच थांबला. मोबाइलचे स्वस्त चार्जर, वायफायच्या डबीचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणि हल्ली गच्चीवरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर, हे नेहमीचे संशयित. वायरीवर चिमटून बसवायचे फेराइटचे मणी पन्नास ते शंभर रुपयांना एक मिळतात. दोन-तीन पुरतात. मेन बंद करूनही खरखर राहिली तर ती शेजारची किंवा खांबावरची. अशा वेळी रेडिओ घेऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाण्याचा खर्च शून्य असतो. खांबाजवळ तडतड वाढत असेल तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा. सैल जोडणी किंवा तडकलेली चिनी मातीची चिमणी (इन्सुलेटर) हे धोक्याचंही लक्षण आहे.

दुसरा खर्च घरातल्या जुन्या ट्रान्झिस्टरचा. आवाजाचं बटण फिरवताना करकर होत असेल, बँडचा स्विच हलवल्यावरच आवाज येत असेल, तर साफसफाईचे दीडशे-तीनशे रुपये देऊन तो दुरुस्त करून घ्यावा. जुन्या संचांत फेराइटची कांडी लांब असते, आणि मिडियम वेव्हला कांडीच्या लांबीइतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही. नव्या खिशातल्या रेडिओत ती बोटाएवढी उरली आहे.

तिसरा खर्च माझ्या सगळ्यात आवडीचा, हाताने बनवलेल्या लूपचा. साठ सेंटिमीटर बाजूचा चौकोन गुंडाळता येईल अशी लाकडी पट्ट्यांची फुली करा. तिच्या टोकांवर खाचा पाडून साधी हुकअप वायर दहा वेढे गुंडाळा. एक वेढा दोन मीटर चाळीस, म्हणजे पंचवीस मीटर वायर पुरते. दोन टोकं जुन्या व्हॉल्वच्या रेडिओतल्या ५०० पीएफच्या गँग कंडेन्सरला जोडा. रेडिओला एकही तार जोडायची नाही. लूपच्या शेजारी रेडिओ ठेवायचा आणि गँग सावकाश फिरवायचा. एका ठिकाणी पुसट केंद्र एकदम पुढे येतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा जुना बाजारात गँग मिळून जातो. सगळं मिळून तीनशे ते पाचशे रुपये. सुताराकडच्या टाकाऊ पट्ट्या मिळाल्या तर त्याहून कमी. तयार लूप विकत मिळतात, दोन-चार हजारांना. नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

यानंतरही नवा रेडिओ घ्यायचाच असेल, तर काट्याचा साधा नवा संच हजार ते अडीच हजारांत येतो. त्यात आणि दुरुस्त केलेल्या जुन्यात फारसा फरक पडत नाही. खरा फरक पडतो तो आकडा दाखवणाऱ्या डिजिटल संचाने, कारण मग तबकडीची पट्टी आणि अंदाज दोन्ही सुटतात. टेकसनसारख्या कंपन्यांचे हातातले चांगले संच सहा ते दहा हजारांपर्यंत पडतात. दुकानात दोन गोष्टी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिली, यात एएम किंवा एमडब्ल्यू आहे का? हल्लीच्या पुष्कळ देखण्या संचांत एफएम, ब्लूटूथ आणि पेनड्राइव्ह असतं, मिडियम वेव्ह नसतंच. दुसरी, पायरी नऊची करता येते का? अमेरिकेत केंद्रं दहा-दहावर असतात आणि काही संच कारखान्यातून त्याच पायरीवर लावून येतात. तशा संचावर आपली बहुतेक केंद्रं नीट जागेवर सापडत नाहीत आणि लोक रेडिओ बिघडलेला म्हणून परत करतात. खोक्यावर ‘दहा बँड’, ‘बारा बँड’ लिहिलेलं असतं, त्याकडे लक्ष देऊ नका. आपल्याला एकच बँड हवा आहे.

परदेशातून मागवायचा असेल तर छापील किमतीवर आयात शुल्क, कर आणि कुरिअरचं शुल्क चढतं. दीडपट रक्कम बाजूला ठेवूनच मागवा. कस्टममध्ये पार्सल अडकू शकतं, हेही धरून चला.

संगणकाला लावायचे एसडीआर रिसीव्हर साडेतीन ते सहा हजारांपासून मिळतात. त्यांचा मोठा फायदा असा की बँडचा मोठा तुकडा एकदम नोंदवून ठेवता येतो आणि साडेनऊचा ठोका नंतर एकेका केंद्रावर पुन्हा पुन्हा ऐकता येतो. तोटा असा की लॅपटॉप आणि त्याचा चार्जर स्वतःच खरखर करतात. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. पण त्याआधी एक गोष्ट फुकट करून पाहा. जगभरातल्या हौशी लोकांनी आपले रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा असाच प्रसिद्ध आहे, आणि किवीएसडीआर नावाच्या जाळ्यात आशियातलेही सापडतात. तुम्हाला ढाक्याची शंका असेल तर बंगालच्या जवळचा एखादा रिसीव्हर उघडा, तीच जागा लावा. तोच आवाज दणक्यात ऐकू आला की खात्री पटते. स्वतःच्या रेडिओवर ओळखल्याचा आनंद त्यात नाही, पडताळणीसाठी मात्र उत्तम.

केंद्रांच्या याद्या इंटरनेटवर फुकट मिळतात. ‘वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक’ हे १९४७ पासून निघणारं जाडजूड पुस्तक टपालखर्चासह काही हजारांत जातं. वर्षभर नियमित ऐकाल असं वाटलं तरच घ्या. परवान्याचा खर्च नाही. पूर्वी रेडिओ ऐकायलाही परवाना लागायचा, त्याची फी पोस्टात भरावी लागायची आणि पुस्तिकेवर तिकिटं चिकटवलेली असायची. आज ऐकायला परवाना लागत नाही. तो लागतो प्रक्षेपण करायला.

केंद्र ओळखलं की त्याला कळवा. तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, पंधरा-वीस मिनिटं काय काय ऐकलं त्याचा तपशील, आणि आवाजाचा दर्जा एक ते पाच अंकांत लिहा. बरीच केंद्रं ईमेल घेतात आणि खात्री पटल्यावर चित्राचं कार्ड पाठवतात. आकाशवाणीही अशी कार्डं देत आली आहे. कार्डापेक्षा मोठं कारण दुसरं आहे. मध्यम लहरींचा प्रक्षेपक चालवायला वीज आणि माणसं लागतात. आता तो कुणी ऐकतच नाही, असं समजून ही केंद्रं बंद होत आहेत. दूर कुठेतरी, रात्री, कुणीतरी ऐकतं आहे, हे त्यांना तुमच्या पत्रावाचून कळण्याचा दुसरा मार्ग नाही. देशातल्या देशात साध्या पत्राला पाच रुपयांचं तिकीट लागतं. तेवढं पत्र टाकाच.